आभाळातून आलेला चुना

अमेरिकेच्या न्यू मेक्सिको राज्यात, लास क्रूसेस शहराजवळ, रिओ ग्रांदे नदीच्या काठावरून डोंगरांच्या दिशेने चढू लागले म्हणजे गोट्यांनी भरलेल्या सपाट पायऱ्या एकीवर एक लागत जातात. आणि खडकांच्या थरांत तळचा थर सर्वांत जुना, हा जो आपला नेहमीचा नियम, तो येथे उलटा होऊन सर्वांत उंच पायरीच वयाने सर्वांत वडील ठरते, कारण सुमारे 8 लक्ष वर्षांपूर्वीपासून ही नदी थांबत थांबत आपले खोरे खोल कोरीत गेली व जुन्या तळांचे अवशेष मागे वर राहिले. त्याहीपूर्वी ती ज्या मैदानावर स्वैर भटकत असे, ते 'ला मेसा' आजही खोऱ्याच्या माथ्यावर पसरलेले आहे.

या पायऱ्यांच्या वयाचा दाखला मिळतो तो मातीतील चुन्यापाशी. अमेरिकी सरकारच्या मृद्संधारण खात्याने 1957 साली येथे संशोधन आरंभिले, आणि गाइल, पीटरसन व ग्रॉसमन या मृदाशास्त्रज्ञांनी 1966 साली चुन्याच्या संचयाच्या चार अवस्था मांडल्या. पहिल्या अवस्थेत गोट्यांवर तुटक, पातळ पुटे दिसतात, बहुधा खालच्या अंगास, जेथे ओल लोंबत राहून सुकते. दुसरीत प्रत्येक गोटा सर्व बाजूंनी मढतो. तिसरीत मधल्या फटी चुन्याने बुजतात. आणि एकदा वाट बंद झाली, की वरून झिरपणारे पाणी त्या कठीण थरावर अडून आडवे पसरते व पापुद्र्यावर पापुद्रा चढवीत जाते, ती चौथी अवस्था. या घट्ट थरास स्पॅनिश भाषेत 'कॅलिचे' म्हणतात. आपल्याकडील कंकर याच कुळातला.

हा चुना खालच्या खडकातून आला असावा, असे कोणासही वाटेल. परंतु ज्यात चुना जवळजवळ नाही अशा रायोलाइट खडकाच्या गोट्यांतही तो भरपूर सापडतो. वाऱ्यावरची धूळ आणि पावसाच्या पाण्यातील कॅल्शियम हीच त्याची मुख्य जमा होय. वर्षाकाठी जेमतेम 20 ते 25 सेंटिमीटर पाऊस पडत असल्यामुळे हा चुना विरघळून थोडा खाली उतरतो, पण भूजलापर्यंत वाहून जात नाही. मला या शोधातील हीच गोष्ट अपूर्व वाटते: पायांखालचा दगडासारखा थर चिमटीचिमटीने आभाळातून उतरलेला आहे.

मात्र अवस्था म्हणजे वर्षांची थेट गणती नव्हे. गोट्यांनी बरीच जागा आधीच अडविलेली असल्याने त्यांच्यामधली उरलेली पोकळी थोड्या चुन्याने भरते. शेजारच्या बारीक मातीत तितक्याच काळात चुन्याच्या केवळ गाठी बनलेल्या असतात. म्हणून दोन पायऱ्यांची तुलना करण्यापूर्वी मातीत गोट्यांचे प्रमाण किती, हे पाहावे लागते.