पानात नसलेले चित्र

वेबपानावर मजकुरासोबत चित्र दिसते; पण पानाच्या फाइलमध्ये ते सहसा नसतेच! तेथे असतो फक्त त्याचा पत्ता. १९९३ साली मार्क अँड्रीसन यांनी एचटीएमएल भाषेसाठी ‘आयएमजी’ ही खूण सुचवली. तिच्यातील ‘एसआरसी’पुढे चित्राच्या फाइलचे नाव लिहायचे, ब्राउझर ती फाइल मागवून चित्र त्या जागी मांडतो. नावातले एक अक्षर चुकले, की चित्र गायब!

म्हणून ‘ऑल्ट’पुढे चित्राचे वर्णन लिहावे. नुसते ‘आकृती’ नको; ‘जास्वंदीच्या फुलाचा उभा छेद’ असे नेमके हवे. चित्र आले नाही, तर हे शब्द दिसतात. अंध विद्यार्थ्याला संगणक तेच वाचून दाखवतो. वर्णनच नसेल, तर त्याने फूल ओळखावे कसे?