बाक वेळेवर दिसायला हवा : स्कोलिओसिसच्या व्यायामोपचारांचा शंभर वर्षांचा मागोवा

धोंडो केशव कर्वे यांनी १८९६ मध्ये पुण्यात अनाथ बालिकाश्रम काढला आणि १९०० मध्ये तो गावाबाहेर हिंगण्याच्या माळावर हलवला. रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनी जमीन दिली, झोपडी उभी राहिली आणि कर्वे रोज हिंगण्याहून पायी जाऊन फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवत राहिले. त्या हिंगणे बुद्रुकचं आता कर्वेनगर झालं आहे. महिलाश्रम हायस्कूलपासून कमिन्स कॉलेजपर्यंत हजारो मुली इथे रोज शिकायला येतात. वाढीच्या वयातल्या मुलींना विशेषकरून गाठणारं एक दुखणं आणि त्यावरचे व्यायाम यांचा मागोवा घ्यायला याहून योग्य वस्ती पुण्यात नाही. त्या दुखण्याचं नाव स्कोलिओसिस, म्हणजे कण्याला बाजूला आलेला बाक.

मागून पाहिला तर पाठीचा कणा सरळ दिसायला हवा. तो एका बाजूला वळला आणि एक्स-रेवर त्या वळणाचा कोन १० अंश किंवा त्याहून जास्त भरला, तर त्याला स्कोलिओसिस म्हणतात. हा कोन मोजण्याची रीत अमेरिकेतल्या जॉन कॉब यांनी १९४८ मध्ये मांडली, म्हणून तो ‘कॉब कोन’. पण कणा नुसता झुकत नाही, पीळ दिलेल्या दोरासारखा तो स्वतःभोवतीही फिरतो. त्याच्याबरोबर बरगड्या फिरतात, आणि मूल पुढे वाकलं की पाठीची एक बाजू उचललेली दिसते. लंडनच्या विल्यम ॲडम्स या सर्जननी १८६५ मध्ये ही वाकवून पाहण्याची तपासणी सांगितली. आजही पहिली तपासणी तीच आहे. तिला यंत्र लागत नाही की पैसे लागत नाहीत.

दहा ते सोळा वर्षांच्या मुलांमध्ये साधारण शंभरात दोघा-तिघांना असा बाक असतो. लहान बाक मुलगे आणि मुली यांच्यात जवळपास सारखाच आढळतो. मात्र ३० अंशांच्या पुढे गेलेल्या बाकांत मुलींचं प्रमाण मुलग्यांच्या सुमारे दहापट असतं. बहुतेकांच्या बाबतीत नेमकं कारण सापडत नाही. दप्तराचं ओझं, चुकीचं बसणं, एका कुशीवर झोपणं यांपैकी कशानेही तो होत नाही. महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये दप्तराचं वजन मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांवर नेऊ नये असं ठरवलं. ते चांगलंच झालं, पण त्याने या बाकाला आळा बसणार नाही. ‘नीट बस, पोक काढू नकोस’ असं रोज ऐकणाऱ्या मुलीचा यात काहीच दोष नसतो, हे आधी घराघरांत पोहोचायला हवं.

व्यायामाने पाठ सुधारण्याची कल्पना जुनी आहे. पेर हेन्रिक लिंग यांनी १८१३ मध्ये स्टॉकहोमला व्यायामशिक्षणाची संस्था काढली आणि ‘स्वीडिश’ व्यायाम युरोपभर पसरले. पण ते सगळ्यांना सरसकट एकच होते. बाक डावीकडे की उजवीकडे, छातीच्या मागे की कमरेत, याचा विचार त्यांत नव्हता. तो विचार आणला काटारीना श्रोथ यांनी. १८९४ मध्ये ड्रेस्डेनमध्ये जन्मलेल्या या शिक्षिकेला स्वतःला स्कोलिओसिस होता आणि किशोरवयात तिने पोलादी पट्ट्यांचा कमरबंद घातला होता. एक चेंडू एका बाजूने चेपला होता आणि आत हवा भरताच ती बाजू पुन्हा वर आली, हे पाहून तिला वाट सुचली. आरशासमोर उभं राहायचं, कणा वर ताणायचा, बाकाच्या उलट दिशेला छाती सरकवायची आणि चेपलेल्या बरगड्यांत मुद्दाम श्वास भरायचा. १९२१ मध्ये माइसेन गावात तिने छोटं उपचारकेंद्र उघडलं. ती डॉक्टर नव्हती, म्हणून विरोधही झाला. युद्धानंतर ती पश्चिम जर्मनीत आली आणि १९६० च्या दशकात सोबर्नहाइम इथे मुलगी क्रिस्टा यांच्यासह तिने जे काम उभं केलं, ते पुढे जगभर गेलं. १९८५ मध्ये ती वारली. प्रत्येक पाठीचा बाक निराळा, म्हणून प्रत्येकीचा व्यायामही निराळा, ही तिची खरी देणगी.

आपल्याकडे त्या काळात पाठीच्या बाकाचं मोठं कारण पोलिओ होतं. एका बाजूचे स्नायू लुळे पडले की कणा दुसऱ्या बाजूला ओढला जाई. स्वतःच्या मुलीला पोलिओ झाल्यावर उपचारांसाठी धडपडलेल्या फातिमा इस्माईल यांनी १९४७ मध्ये मुंबईत अशा मुलांसाठी संस्था काढली. १९५३ मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने देशातली पहिली फिजिओथेरपी शाळा सुरू झाली आणि १९५५ मध्ये हाजी अलीला पुनर्वसनाची राष्ट्रीय संस्था आली. महाराष्ट्रातली फिजिओथेरपी वाढली ती पोलिओच्या मुलांना उभं करता करता. अमेरिकेतही पॉल हॅरिंग्टन यांनी कण्यात बसवायचे धातूचे दांडे आधी पोलिओच्या मुलांसाठीच घडवले आणि १९६२ मध्ये ते काम प्रसिद्ध केलं. आपल्या देशातला वन्य पोलिओ-विषाणूचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये सापडला. पण जिचे स्नायू धडधाकट आहेत, जी खो-खो खेळते, जिला काही दुखत नाही आणि तरीही जिचा कणा वळतो आहे, ती मुलगी या सगळ्या काळात कुणाच्या फारशी नजरेत नव्हती.

पुण्याने या प्रवासात वेगळी भर घातली. बी. के. एस. अय्यंगार १९३७ मध्ये योग शिकवायला पुण्यात आले आणि इथलेच झाले. मॉडेल कॉलनीतली त्यांची रमामणी अय्यंगार स्मृती योग संस्था १९७५ पासून सुरू आहे. भिंतीवरचे दोर, बाकडी, पट्टे, लाकडी ठोकळे यांच्या आधाराने कुणालाही आसनात उभं करायचं आणि शरीराच्या दोन बाजू सारख्या नसतील तर त्यांना सारखं वागवायचं नाही, ही त्यांची पद्धत. स्वतःला स्कोलिओसिस असलेल्या अमेरिकेतल्या एलिस ब्राउनिंग मिलर त्यांच्याकडे शिकल्या आणि पुढे स्कोलिओसिससाठीच्या योगाच्या शिक्षिका म्हणून नावाजल्या. न्यूयॉर्कचे डॉ. लोरेन फिशमन हेही पुण्यात अय्यंगारांकडे शिकले. त्यांनी २०१४ मध्ये २५ रुग्णांवरचा अभ्यास छापला. त्यात बाकाच्या फुगीर बाजूवर रोज दीड-दोन मिनिटं वसिष्ठासन करवलं होतं आणि कोन सरासरी ३२ टक्क्यांनी उतरल्याचं नोंदवलं होतं. हा आकडा खूप फिरला. पण त्या अभ्यासात किशोरांपासून ऐंशी ओलांडलेल्यांपर्यंत सगळे होते आणि तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. त्यावरून वाट दिसते, निकाल लागत नाही. वर्गात सगळ्यांबरोबर केलेलं सरसकट आसन हा बाकावरचा उपचार नव्हे, हेही तितकंच खरं.

व्यायामाखेरीज दुसरा उपचार म्हणजे ब्रेस, बाक वाढू नये म्हणून अंगावर घालायचा कडक पट्टा. त्याची गोष्ट थोडक्यात अशी. १९४० च्या दशकात मिल्वॉकी ब्रेस आला. तो हनुवटीपासून कमरेपर्यंत जाई. सत्तरच्या दशकात कपड्यांखाली लपणारा बॉस्टन ब्रेस आला. पण त्याचा उपयोग होतो का, यावर वाद चालूच राहिला. तो मिटवला आयोवाच्या डॉ. स्टुअर्ट वाइनस्टीन यांच्या २०१३ च्या अभ्यासाने. ब्रेस घालणाऱ्यांपैकी ७२ टक्के मुलांचा बाक शस्त्रक्रियेच्या हद्दीपर्यंत पोचला नाही, नुसतं लक्ष ठेवलेल्यांत हे प्रमाण ४८ टक्के होतं. जितके तास ब्रेस अंगावर, तितका फायदा जास्त, हेही त्यात दिसलं.

व्यायामाचे पुरावे त्याच सुमारास जमू लागले. इटलीत मोंतिकोने यांच्या गटाने २०१४ मध्ये ११० मुलांचा अभ्यास मांडला. बाक २५ अंशांच्या आतला होता. स्वतः कणा दुरुस्त करायला शिकवलेल्या मुलांचा कोन सरासरी पाच अंशांनी उतरला, नेहमीचे व्यायाम करणाऱ्यांचा किंचित वाढला. कॅनडातही श्रोथ व्यायामांचे अभ्यास झाले. मग २०२४ मध्ये स्वीडनचा अभ्यास आला, २५ ते ४० अंश बाक असलेल्या १३५ मुलांचा. रात्रीचा ब्रेस घातलेल्यांपैकी ७६ टक्क्यांचा बाक फारसा वाढला नाही, बाकासाठीचे खास व्यायाम केलेल्यांपैकी ६४ टक्क्यांचा आणि साधा खेळ-व्यायाम करणाऱ्यांपैकी ५३ टक्क्यांचा. व्यायाम आणि साधा खेळ यांतला फरक खात्रीने सांगावा इतका मोठा नव्हता.

हे सगळं एकत्र पाहिलं तर व्यायामाची जागा ठरते. बाक २५ अंशांच्या आत असेल आणि मूल अजून वाढत असेल, तर खास व्यायाम आणि दर काही महिन्यांनी तपासणी. २५ ते ४० अंशांत ब्रेस हवा, व्यायाम त्याच्या जोडीला. ४५-५० अंशांपुढे शस्त्रक्रियेचा विचार. ‘फक्त व्यायामाने बाक सरळ करून देतो’ असं ५० अंशांच्या मुलीच्या आईवडिलांना सांगणं ही त्यांची फसवणूक आहे. आणि ‘व्यायामाने काही होत नाही, वाढला की बघू’ असं १५ अंशांच्या मुलीला सांगून घरी पाठवणं हाही तिच्यावर अन्यायच.

या उपचाराचा भार शेवटी मुलीवरच येतो. फिजिओथेरपिस्ट आठवड्यातून एकदा-दोनदा शिकवेल, पण रोजचा अर्धा तास घरात, आरशासमोर, भिंतीला धरून तिला स्वतःच द्यायचा असतो. बरगडीखाली तांदळाची छोटी पिशवी ठेवून, श्वास नेमका कुठे जातो आहे यावर ध्यान लावून. हे महिना-दोन महिन्यांचं काम नाही, वाढ थांबेपर्यंत वर्षानुवर्षं चालणारं आहे. त्याच वर्षांत परीक्षा असतात, क्लास असतात, ब्रेस दिसू नये म्हणून सैल कपडे घालण्याची धडपड असते, आणि ‘हिचं लग्न कसं होईल’ असं घरात हलक्या आवाजात बोललेलं तिच्या कानांवर पडत असतं. म्हणून आईने, बाबांनी, आजीने तो अर्धा तास तिच्याबरोबर काढायला हवा. स्कोलिओसिस लपवण्याची गोष्ट नाही. वेळेवर हाताळलेला बाक शिक्षणाच्या आड येत नाही, खेळाच्या, नोकरीच्या किंवा संसाराच्याही नाही.

शंभर वर्षांत व्यायाम सुधारले, ब्रेस सुधारले, शस्त्रक्रिया सुधारल्या. बाक शोधणं मात्र तिथेच राहिलं. शाळकरी मुलांच्या तपासणीचा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम ६ फेब्रुवारी २०१३ ला आपल्याच पालघरमध्ये सुरू झाला. त्यातल्या तीस निवडक दोष-आजारांत जन्मजात वाकडे पाय आहेत, निखळलेला खुबा आहे, दात आणि कान आहेत, पण किशोरवयातला कण्याचा बाक नाही. अमेरिकेत या तपासणीवर मतभेद आहेत. तिथल्या सरकारी तज्ज्ञगटाने २०१८ मध्ये पुरावा अपुरा असल्याचं म्हटलं, तर अस्थितज्ज्ञ आणि बालरोगतज्ज्ञ यांच्या संघटना मुलींना दहाव्या आणि बाराव्या वर्षी, मुलग्यांना तेराव्या-चौदाव्या वर्षी तपासा असं सांगतात. विनाकारण एक्स-रे आणि विनाकारण धास्ती टाळायला हवी, हे खरं. पण जिथे कित्येक बाक शिंप्याकडे माप देताना किंवा लग्नाच्या फोटोत दिसतात, तिथे एकदा वाकवून पाहणं हे मोठं कल्याणाचं काम आहे.

म्हणून कर्वेनगरच्या शाळांना कळकळीची विनंती. पाचवी आणि सातवीच्या मुलींची, आठवीच्या मुलग्यांची वर्षातून एकदा ॲडम्स तपासणी करा. त्यासाठी जवळच्या फिजिओथेरपिस्टला बोलवा आणि शाळेतल्या एका शिक्षिकेला शिकवून घ्या. आणि आईबाबांनो, तुम्ही शाळेची वाट पाहू नका. येत्या रविवारी मुलीला मोकळ्या पाठीने, पाय जुळवून, गुडघे सरळ ठेवून, दोन्ही तळहात जोडून पुढे वाकायला सांगा आणि मागून पाहा. पाठीची एक बाजू उंच दिसली, एक खांदा किंवा खांद्यामागचं एक पसरट हाड पुढे आलं असेल, कमरेची एक बाजू जास्त आत गेली असेल, तर त्याच आठवड्यात अस्थितज्ज्ञाला दाखवा. सहा महिने थांबू नका, कारण या वयात ते सहा महिनेच बाक वाढण्याचे असतात.