फोटो कोणाचा?

आपली जिवती आणि ताडोबाचे जंगल, दोन्ही चंद्रपूर जिल्ह्यातच. ताडोबात लोक कॅमेरा घेऊन वाघाची वाट बघत बसतात. उन्हात दिवसच्या दिवस जातात. मग कधी एखादा चांगला फोटो हाती येतो. असे फोटो विकून काही जणांचे पोट चालते. मोबाईलवर काही ठिकाणी ते वर्गणी भरून पाहायला मिळतात.

कुणी म्हणेल, "मास्तर, वर्गणी मी भरली. मग फोटो माझाच झाला ना?" नाही झाला, बाबा. जत्रेत तमाशाचे तिकीट काढले, म्हणून फड आपला होतो का? वर्गणी पाहण्याची असते. फोटो आपल्या मोबाईलात उतरवून ठेवायला कुठे मुभा असते, कुठे नसते. नियम तिथे लिहिलेले असतात. आता वाचता येते, तर वाचावे. पण तो फोटो दुकानाच्या पाटीवर लावायचा, किंवा छापून विकायचा, तर धन्याची परवानगी हवीच.

यासाठी 1957 सालचा कायदा आहे. चित्राचा हक्क काढणारा जिवंत असेपर्यंत आणि त्यानंतर 60 वर्षे राहतो. फोटोचेही आता तसेच. जाणूनबुजून हक्क मोडला तर तुरुंगसुद्धा होतो. राजा रविवर्मा 1906 साली वारले. त्यांची लक्ष्मी, सरस्वती आता कुणीही छापावी.

लग्नाच्या फोटोचे मात्र वेगळे आहे, बरं का. आपण पैसे देऊन फोटो काढून घेतले आणि दुसरा काही करार केला नाही, तर हक्क आपला. फोटोवाल्याने ते आपल्याला न विचारता जाहिरातीत घालू नयेत.