डॉक्टरही थकतात!

तुमच्या घरातलं कुणी निवासी डॉक्टर आहे का? मग ‘आज घरी येत नाही, ड्युटी आहे’ हे वाक्य तुम्हाला पाठच असेल. केंद्र सरकारच्या १९९२च्या नियमानुसार सलग काम साधारणपणे १२ तासांपेक्षा जास्त नसावं. प्रत्यक्षात ते अनेकदा २४ ते ३६ तास चालतं. त्यात वरिष्ठांची चारचौघांत बोलणी, रुग्णाच्या नातेवाइकांचा राग. हळूहळू आवडीचं कामही नकोसं होतं. हाच बर्नआउट. २०२४मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृती गटाने आठवड्याला ७४ तासांची मर्यादा सुचवली.

तुम्ही एवढं करा: ‘सगळ्यांनाच सोसावं लागतं’ म्हणू नका. ‘जेवलीस का? झोपलीस का?’ विचारा आणि शांतपणे ऐका. मन फारच खचलं असेल, तर टेली-मानसच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर बोलता येतं.