भिंतीवरचा नट

जपानच्या काबुकी रंगभूमीवर १६२९ मध्ये स्त्रियांना बंदी झाली आणि पुढे स्त्रीभूमिकाही पुरुषच करू लागले. बालगंधर्वांचं गाण्याचं सुरुवातीचं शिक्षण ज्या जळगावात झालं, तिथल्या रसिकांना यात नवल वाटणार नाही.

एदो म्हणजे आजच्या तोक्योतले प्रेक्षक आवडत्या नटाचं छापील चित्र हौसेनं घरी नेत. चित्रकार रेखाटन करी, कारागीर ते चेरीच्या फळीवर कोरी आणि रंगागणिक वेगळा ठसा लागे. शाराकू या चित्रकाराने १७९४-९५ मधल्या जेमतेम दहा महिन्यांत सुमारे १४० चित्रं केली. त्यानंतर त्याचा मागमूस नाही. त्याचा खलभूमिकेतला ओतानी ओनिजी एकदा नीट पाहाच : आवळलेले ओठ, छातीशी फाकलेली बोटं, मागे अभ्रकाची गडद चमक. नटाची खुशामत न करणारं इतकं जिवंत व्यक्तिचित्र विरळाच.

न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाच्या संकेतस्थळावरून ते मोफत उतरवता येतं. मूळ आकार साधारण ३८ बाय २५ सेंमी. प्रतही तेवढीच काढा, कागद चकचकीत नको. फ्रेमवाल्याला आम्लरहित माउंट घालायला सांगा, म्हणजे पावसाळ्यात कागद काचेला चिकटणार नाही.

जळगाव-धुळ्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो. त्यामुळे उन्हाने तापणारी पश्चिमेची भिंत टाळा. कूलरच्या ओल्या झोतासमोर तर चित्र मुळीच लावू नका. कागदाला बुरशी धरते.