वसईची वार्ता, धाराशिवचा मांडव

२०२० सालच्या जानेवारीत आमच्या गावात अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं. त्र्याण्णवावं. गावाचं नाव तेव्हा उस्मानाबाद होतं. धाराशिव हे जुनं नाव सरकारदरबारी परतलं ते २०२३ साली. दुष्काळ आणि तुळजाभवानी या दोनच गोष्टींसाठी बाहेरच्यांना ठाऊक असलेल्या या जिल्ह्यात साहित्याचा एवढा मोठा मेळा पहिल्यांदाच येत होता. संमेलननगरीला तेरच्या संत गोरोबाकाकांचं नाव दिलेलं. आम्हा निवृत्त बँकवाल्यांचा सकाळी फिरायला जाण्याचा एक कंपू आहे. त्यात महिनाभर दुसरा विषय नव्हता. खुर्ची कुठली मिळणार, पाहुण्यांना गावात पाणी पुरेल का, पुस्तकांवर सवलत किती, आणि जरा दबक्या आवाजात : अध्यक्षपदी पाद्री कसा?

अध्यक्ष होते वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो. कॅथलिक धर्मगुरू संमेलनाच्या अध्यक्षपदी बसण्याची ही पहिलीच वेळ. निवड एकमतानं झाली होती, तरी काही संघटनांनी विरोध केला होता आणि वर्तमानपत्रांतून उलटसुलट लिहून येत होतं. आमच्या कंपूतले एक सहकारी आहेत. माणूस सज्जन, वारी न चुकवणारा, आयुष्यभर कॅश सांभाळली पण एक रुपया इकडचा तिकडे केला नाही. ते एका सकाळी मला म्हणाले, "काय ओ, तुम्ही कादंबऱ्या लिहिता म्हणून तुम्हाला इचारतो. पाद्र्याचा अन् मराठीचा काय संबंध?"

माझ्याजवळ पुस्तकातलं उत्तर तयार होतं. ते मी त्यांना ऐकवलं. थॉमस स्टीफन्स नावाचा इंग्रज जेझुइट पाद्री १५७९ साली गोव्यात आला, साष्टीत जवळजवळ चाळीस वर्षं राहिला. इथली भाषा इतकी शिकला, की दहा हजारांहून अधिक ओव्यांचं 'क्रिस्तपुराण' रचून बसला. ते १६१६ साली राचोलला छापलं गेलं, तेही रोमन लिपीत, कारण देवनागरीचे खिळे नव्हते. नव्यानं ख्रिस्ती झालेल्या लोकांना पुराण ऐकायची सवय होती, तर त्यांच्यासाठी त्यांच्याच वळणाचं पुराण हवं, एवढा साधा विचार त्यामागे होता.

सहकाऱ्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, "ते झालं पुस्तकातलं. चारशे वर्षांपूर्वीचं."

बरोबरच होतं त्यांचं. माझं खरं उत्तर पुस्तकातलं नव्हतंच. ते मला एका बँकेच्या काउंटरवर आणि एका छोट्या कॉलेजच्या वार्षिक अंकात मिळालं होतं. पण रस्त्यावर चालता चालता सांगण्यासारखं ते नव्हतं, म्हणून मी तेव्हा गप्प बसलो.

१९९२ च्या पावसाळ्यात माझी बदली वसईला झाली. मराठवाड्यातला माणूस. पाणी म्हणजे टँकरमागं धावून मिळवायची गोष्ट, हे अंगात भिनलेलं. तिथं स्टेशनपासून गावाकडे निघालो तर दोन्ही बाजूंना केळीच्या वाड्या, पानवेली, भाजीचे वाफे, आणि हाताला लागेल इतक्या वर पाणी आलेल्या विहिरी. पहिला आठवडा मी नुसता विहिरींत डोकावत हिंडलो. दुसरा धक्का शाखेत बसला. खातेदारांची आडनावं डाबरे, लोपीस, रॉड्रिग्ज, तुस्कानो आणि सह्या मात्र ठसठशीत देवनागरीत. लाल लुगडं नेसलेली एखादी आजी काउंटरशी यायची, गळ्यात क्रूस, तोंडात मराठीचाच एक वेगळा मासला. हळूहळू कळलं, की कोणाच्या घरात कादोडी बोलतात, कोणाच्या घरात वाडवळी. १५३४ साली वसई पोर्तुगीजांकडे गेली, १७३९ साली चिमाजी अप्पांनी ती जिंकून घेतली. राज्यं आली नि गेली, ही माणसं आपल्या वाड्यांत राहिली. चर्च सोडलं नाही आणि मराठीही सोडली नाही.

या खातेदारांपैकी पुष्कळांच्या पासबुकाला घडी घातलेला एक अंक असायचा. 'सुवार्ता'. वसईच्या ख्रिस्ती समाजाचं मासिक. फादर दिब्रिटो १९८३ पासून त्याचे संपादक होते आणि पुढे २००७ पर्यंत राहिले. रांगेत उभं असताना लोक ते वाचायचे, नंबर आला की घडी घालून पिशवीत टाकायचे. मी एकदा एका म्हाताऱ्या शेतकऱ्याला विचारलं, "एवढं काय असतं हो त्यात?"

तो म्हणाला, "साहेब, तुमच्याकडे तलाठी फेरफार लिहितो ना? कोण वारला, कोण वारस लागला? हा आमच्या समाजाचा फेरफार."

बँकेत जमिनीचे कागद तपासण्यात माझी उमर गेली. फेरफाराची नोंद म्हणजे काय, हे मला कोणी समजावून सांगायला नको होतं. कुणाच्या धर्मग्रामात सण झाला, कुणाच्या मुलाला धर्मगुरुपदाची दीक्षा मिळाली, कोण बी. कॉम. झालं, कोण देवाघरी गेलं. बाहेरच्या माणसाला या बातम्या बारीकसारीक वाटतात. मलाही वाटल्या होत्या. पण त्याच काळात वसईत खरीखुरी जमीन हातांतून निसटत होती. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी तिथली हिरवी जमीन बांधकामाला मोकळी झाली, बिल्डर आले, त्यांच्या पाठोपाठ दहशत आली, विहिरींचं पाणी टँकरनं इमारतींकडे जाऊ लागलं. जमिनीच्या सौद्याचे चेक आमच्याच काउंटरवर वटायचे. वरच्या कार्यालयाकडून ठेवी वाढल्याबद्दल आमच्या शाखेला शाबासकी यायची, आणि ठेव ठेवणारा माणूस पावती हातात घेऊन, शेत विकलं हे घरी कसं सांगू, अशा चेहऱ्यानं बसून राहायचा. त्या शाबासकीचा आनंद मला कधी झाला नाही, हे आज लिहून टाकतो.

या सगळ्याविरुद्ध 'हरित वसई संरक्षण समिती'चं आंदोलन उभं राहिलं, आणि त्याच्या पुढे होते हेच संपादक फादर. मला तेव्हा नवल वाटायचं, की जिवावर बेतेल अशा लढ्यात साधी भाजीवाली माणसं उतरतात कशी? पुढे लक्षात आलं, की आपल्या घरचं लग्न आणि मयत ज्या कागदात छापून येतं, त्याच कागदात जमिनीबद्दल लिहून आलं की ते आपल्याच घरचं वाटतं. कुठल्याही मोठ्या दैनिकाला हे साधलं नसतं.

आता कॉलेजकडे येतो. गोन्सालो गार्सिया हा वसईत जन्मलेला माणूस. १५९७ च्या ५ फेब्रुवारीला जपानमध्ये नागासाकीला त्याला क्रुसावर मारण्यात आलं आणि १८६२ साली रोमनं त्याला संतपद दिलं. त्याच्या नावाचं कॉलेज वसईत आहे. मी तिथं गेलो तो एका निबंधस्पर्धेचा परीक्षक म्हणून. बँकेचा साहेब कविता करतो, अशी कुणीतरी आवई उठवली होती. मुंबईच्या कॉलेजांचा थाट तिथं नव्हता. पहाटे वाडीत भाजी तोडून, टोपल्या स्टेशनवर पोचवून मग तासाला बसणारी मुलं होती. पहिल्या तासाला डुलक्या काढणाऱ्या मुलाला बाई ओरडत नसत, कारण त्या डुलकीचं कारण त्यांना ठाऊक असे. व्हरांड्यात एक भित्तिपत्रक होतं. त्यावर प्रेमाची एक कविता, तिच्याखाली कबड्डीच्या संघाची नावं, त्याखाली हरवलेल्या छत्रीची सूचना आणि शेजारी विहिरी आटण्यावरचा टिपणवजा लेख. सगळं मराठीत, शुद्धलेखनाच्या चुकांसकट. मी निबंधांना गुण दिले खरे, पण वाचत राहिलो ते भित्तिपत्रकच.

३० सप्टेंबर १९९३. गणपती विसर्जनाची रात्र संपून पहाट होत होती आणि किल्लारी-सास्तूरच्या पट्ट्यात जमीन हलली. लातूर आणि आमचा जिल्हा मिळून जवळजवळ आठ हजार माणसं गेली. माझी आत्या सास्तूरला दिलेली. आमच्याकडची जुनी घरं माळवदाची : मातीत बांधलेल्या जाडजूड दगडी भिंती आणि वर फूट-दोन फूट मातीचा थर. उन्हाळ्यात गारवा देणारं ते माळवद त्या पहाटे झोपलेल्या माणसांवर उतरलं. फोन लागेना. मिळेल त्या गाडीनं मी निघालो. तिथं काय पाहिलं ते नंतर एका कादंबरीत लिहिलंय, इथं लिहीत नाही. आत्या गेली होती.

परत कामावर रुजू झालो त्याच आठवड्यात कॉलेजची चार मुलं-मुली शाखेत आली. दोघांच्या मध्ये धरलेली एक कापडी पिशवी. भूकंपग्रस्तांसाठी गोळा केलेले पैसे, मुख्यमंत्री निधीच्या नावानं ड्राफ्ट हवा होता. पिशवी ओतली तर चार आणे-आठ आणेच जास्त. आमच्या कॅशियरनं कपाळाला हात लावला आणि मग स्वतःच मोजायला बसला. साडेचार हजारांच्या आसपास भरले. ड्राफ्टवर कमिशन लावायचं नव्हतं. त्यांच्यातली एक मुलगी मला म्हणाली, "सर, तुमचं गाव तिकडचंच ना? पैसे पोचल्यावर आम्हांला कळेल का?"

मी बँकवाल्याच्या सवयीनं म्हणालो, "ड्राफ्टचा नंबर लिहून ठेव."

"नंबर नको सर. तिथल्या माणसांचं काय झालं, ते. आम्हांला कॉलेजच्या अंकात छापायचंय."

मग घरी कोण होतं, कोण गेलं, असं तिनं सरळ विचारलं. वसईतल्या लोकांना हे विचारण्याचा संकोच वाटत नाही, त्यांच्याकडे ती रीतच आहे. मी आत्याचं सांगितलं. ती म्हणाली, "मग तेच लिहून द्या."

आठ दिवस बसून मी चार पानं लिहिली. तोपर्यंत कविता बऱ्याच पाडल्या होत्या, गद्य असं कधी लिहिलं नव्हतं. मुलगी अंकाची विद्यार्थी-संपादक होती. पानं वाचून दोन दिवसांनी परत आली आणि म्हणाली, "सर, रागावू नका. पहिलं पान काढलंय. त्यात तुम्हीच रडताय. आत्या दुसऱ्या पानावर येते." मी शाखेचा अधिकारी, ती एस. वाय.ला. राग आला होता, खोटं कशाला सांगू? पण रात्री घरी वाचून पाहिलं आणि मान डोलावली. पुढे मोठमोठ्या प्रकाशकांचे संपादक पाहिले. इतकं नेमकं कुणी सांगितलं नाही.

मार्चमध्ये अंक आला. माझं छापून आलेलं पहिलं गद्य म्हणजे ते. वाणिज्य शाखेच्या निकालानंतर आणि कबड्डी संघाच्या फोटोच्या अलीकडे. ते मी कौतुकानं पाहिलं आणि पानं उलटत शेवटाला आलो. शेवटी वर्षभरात वारलेल्यांची यादी होती : एक निवृत्त शिपाई, दोन माजी विद्यार्थी, कुणाचे वडील, कुणाची आजी. आडनावं सगळी वसईची. आणि त्यांच्या ओळीत, वेगळी रेघ न मारता, माझ्या आत्याचं नाव. पुढे कंसात सास्तूर, ता. उमरगा. माझ्या आत्यानं आयुष्यात चर्च पाहिलं नव्हतं.

१० जानेवारी २०२० ला मंडपात आम्ही दोघं शेजारी बसलो होतो. उद्घाटक ना. धों. महानोर होते. फादर दिब्रिटो पाठीच्या दुखण्यामुळे चाकांच्या खुर्चीतून आले. पर्यावरणाबद्दल बोलले, मराठी शाळांबद्दल बोलले. आमच्याकडे शेतकरीसुद्धा पोराला 'इंग्लिश स्कूल'च्या पिवळ्या गाडीत बसवतो आणि वसईतही तेच चाललंय, त्यामुळे तो भाग मला जरा उशिरा आल्यासारखा वाटला. पण पाठ दुखत असताना इतका वेळ बोलणाऱ्या माणसाला दाद द्यायलाच हवी. सहकारी सबंध भाषण हलले नाहीत. घरी परतताना मी त्यांना माझ्याकडे नेलं, पेटीतून तो पिवळा पडलेला अंक काढला आणि शेवटचं पान उघडून हातात दिलं. त्यांनी चष्मा पुसला. नावं एकेक करून, बोट ठेवून वाचली, कॅश मोजतात तशी. आत्याच्या नावाशी थांबले. मग अंक मागे उलटवत निबंधांपर्यंत गेले आणि म्हणाले, "ही सुकेळी म्हंजे काय ओ?"

मी सांगितलं, वसईची उन्हात वाळवलेली केळी. एकदा खाल्ली की विसरत नाही माणूस.

२५ जुलै २०२४ ला फादर दिब्रिटो वसईत गेले. मला ती बातमी पहिल्यांदा कळली ती याच सहकाऱ्यांच्या फोनवरून. "तुमच्या वसईचे फादर गेले म्हन्त्यात," ते म्हणाले. थोडा वेळ दोघंही काही बोललो नाही. मग त्यांनी विचारलं, "त्यांच्या त्या मासिकात आता त्यांचंही नाव येईल न्हवं, बाकीच्यांच्या ओळीत?"

मी म्हटलं, येईल.

"बरं," ते म्हणाले. "अन् सुकेळी कधी मागवताय? चार वर्षं झाली नुसतं ऐकतोय."