उसन्या तासांचं गाणं

अल नहदा नावाच्या वस्त्या दोन. एक दुबईत, दुसरी शारजात, आणि दोन्ही एकमेकींना चिकटून. दोन्हीकडे भारतीयांची दाटी आहे, मराठी बिऱ्हाडंही भरपूर. शाळांचा आठवडा मात्र वेगळा. जानेवारी २०२२मध्ये अमिरातींनी शनिवार-रविवारची सुट्टी स्वीकारली, तेव्हा दुबईत शुक्रवारी अर्धा दिवस शाळा राहिली. शारजानं शुक्रवारही सुट्टीत घातला.

मी जिथे गॅदरिंगच्या तालमी बघायला जात होते, ती प्राथमिक शाळा दुबईच्या बाजूची. तिथे शुक्रवारचे तास आधीच आखूड. बाकीच्या दिवशी शाळा सुटायच्या सुमाराला पिवळ्या बसेस फाटकापाशी रांगेनं लागतात आणि मग कुणी मूल थांबवून घ्यायची सोय नसते. ‘शाळा सुटल्यावर तासभर थांबा रे’ हे महाराष्ट्रातल्या गॅदरिंगचं हुकमी वाक्य इथे चालत नाही. बस चुकली, तर आईबाबांपैकी एकाला ऑफिस सोडून यावं लागतं. म्हणून अ‍ॅन्युअल डे जवळ आला, की संगीताच्या मॅम तास उसने मागत फिरतात. पीटीचा एक, लायब्ररीचा एक, कधी गणिताच्या मॅमच्या हातापाया पडून अर्धा. हिशोब वहीत असतो आणि तो फेडावाही लागतो.

इतक्या मुश्किलीनं मिळालेल्या तासात त्या पहिली काही मिनिटं गाणं घेतच नाहीत, हे बघून मला सुरुवातीला नवल वाटलं. हार्मोनियमवर सा धरायचा, मुलांनी तोंड मिटून नुसतं गुणगुणायचं, आणि एक हात कानामागे. डोळे हवे तर मिटा, कान उघडे. दुसरीतली मुलं. कुणाच्या घरी मल्याळम, कुणाकडे तमिळ, उर्दू, कोकणी, मराठी. गुणगुणण्याला भाषा लागत नाही, त्यामुळे या कामात सगळे सारखेच नवशिके.

एके दिवशी वर्ग हार्मोनियमच्या काळी दोन पट्टीवर स्थिर होता आणि मागच्या रांगेतून एक जाड घुमारा वेगळाच येत होता. अशा मुलाला ‘तू फक्त ओठ हलव’ असं सांगायची आपल्याकडे जुनी पद्धत आहे. तसं ऐकलेली माणसं चाळिशीतही ‘मला गाता येत नाही’ असं ठामपणे सांगतात. मॅमनी वर्ग थांबवला आणि त्याला एकट्याला नाही, तर त्याच्या शेजारच्या दोघांनाही सोबत घेऊन गुणगुणायला लावलं. भाता हलता ठेवून एकेक पट्टी दाबत त्यांनी त्याचा सूर शोधला. खालच्या सप्तकातली पांढरी सात निघाली. मग सगळ्या वर्गाला त्यांनी तिथे उतरवलं. आपल्याच सुरात अख्खा वर्ग गातोय हे कानावर आल्याबरोबर पोरगा ताठ बसला. तिथून पांढरी एक, मग काळी एक, पांढरी दोन. प्रत्येक पायरीला थांबून, कुणी मागे राहिलं तर परत खाली येऊन. काळी दोनला सगळे पोचले तेव्हा तोही बरोबर होता. पुढच्या तासाला तो पुन्हा घसरला, पण या वेळी चेहऱ्यावर शंका होती. आपण वेगळे वाजतोय हे त्याचं त्यालाच कळलं होतं.

पट्टीचा हा विचार राष्ट्रगीतालाही लागतो. अमिरातीचं राष्ट्रगीत सकाळच्या असेंब्लीत होतं. १९७१ साली देश झाला तेव्हा नुसती धून होती. आरिफ अल शेख यांचे शब्द तिला १९८६मध्ये मिळाले. अरबीच्या शिक्षिका उच्चार घोटून घेतात, घशातून काढायच्या ‘ऐन’पाशी आपली मुलं हमखास अडतात. भारताच्या राष्ट्रगीताचा मोठा दिवस म्हणजे २६ जानेवारी, कारण १५ ऑगस्ट इथल्या उन्हाळी सुट्टीत जातो. ते गीत मंद्र निषादापासून तार षड्जापर्यंत जातं, सप्तकाहून थोडं जास्त. खाली धरलं तर मुलं आरंभीच पुटपुटायला लागतात. वर धरलं तर शेवटच्या जयजयकारात किंचाळतात. मॅम काळी एकला धरतात. लोकांना वाटतं, मुलं देशप्रेमानं ओरडतात; त्या म्हणतात, पट्टी चुकली की ओरडतात.

अ‍ॅन्युअल डेच्या यादीत या वेळी चौथीच्या मुलांचं अयाला होतं आणि तिसरीचं लेझीम. अयाला हे अमिराती आणि ओमानचं लोकनृत्य, २०१४पासून युनेस्कोच्या वारसा-यादीत. समोरासमोर दोन रांगा, हातात बांबूच्या बारीक काठ्या, मधे ढोल, डफ आणि झांजा; लढाईचा आभास, पण हालचाल अगदी थोडी. मान आणि काठी ठेक्याबरोबर हलते, बस्स. लेझमीत याच्या उलट, सगळं अंग कामाला लागतं. एका मराठी मुलीचे बाबा सुट्टी काढून शिकवायला येत. पोरं त्यांना अंकल म्हणत. लेझमी मुंबईहून सामानातून आलेल्या, लहान मापाच्या. ‘चार आवाज’, ‘पवित्रा’ ही नावं हैदराबादच्या आणि कोट्टायमच्या पोरांनी चटकन उचलली, मोजणी मात्र वन-टू-थ्री-फोर.

हालचाली बसल्या तरी आवाज बसेना. स्पीकरवर ट्रॅक मोठा, हॉलला उघड्या भिंती, त्यात लोखंडी चकत्या. ‘छन्’ असा एक ठोका पडायच्या जागी डबा लवंडल्यासारखी खळखळ. अंकलनी आधी ट्रॅक आणखी मोठा केला. मॅमनी तो बंद केला. मग रांगांना भिंतीकडे तोंड करून उभं केलं, म्हणजे शेजाऱ्याचा हात बघून लेझीम मारता येऊ नये, आणि फक्त पहिला ठोका, पुन्हा पुन्हा. पहिल्या खेपांना खळखळ वाढलीच. मग पुढे धावणारी मुलं थांबायला लागली, मागे पडणारी सावरली, आणि ठोका बारीक होत गेला. उरलेला सगळा तास त्या एका ठोक्यावर गेला. तो जमल्यावर बाकीचे तीन ठोके फारसे शिकवावे लागले नाहीत.

कार्यक्रमाच्या दिवशी फोन वर धरलेल्या पालकांना यातलं काही दिसत नाही, आणि दिसायचं कारणही नाही. त्यांना फेटा दिसतो, नऊवारी दिसते, आपलं मूल कितव्या रांगेत आहे ते दिसतं. चार मिनिटांत आटोपतं. पण मला वाटतं, प्राथमिक शाळेतलं संगीत म्हणजे मुळात ऐकायचं शिक्षण आहे. स्टेज हे त्याचं निमित्त. निमित्त नसतं तर गणिताच्या मॅमनी अर्धा तास सोडला नसता, हेही तितकंच खरं. गॅदरिंगला ‘नुसता देखावा’ म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी हे लक्षात घ्यायला हवं.

इथल्या भारतीय शाळांचं वर्ष मार्चला संपतं, त्यामुळे अ‍ॅन्युअल डे उरकला की उजळणीचे दिवस येतात आणि मॅमची वही उघडते. संगीताच्या तासाला गणिताच्या मॅम खडू घेऊन वर्गात येतात, वसुलीला. एक तास मात्र संगीताच्या मॅम फेडून टाकत नाहीत, तो दुसरीचा. दुसरीला लेखी परीक्षेचं ओझं नाही, असं त्या मुख्याध्यापिकांना सांगतात. मला सांगितलेलं कारण वेगळं होतं: मागच्या रांगेतला तो अजून काळी दोनला एकट्यानं पोचायचाय.